आषाढातील वैशाखवणवा

विलायतेस जाऊन आलेल्या मनुष्याने तेथील राजवाडे, पूल आणि पदार्थसंग्रहालये यांचे साग्र वर्णन लिहावे, असा आपल्याकडे जुना रिवाज आहे. तो पाळण्याच्या हेतूने आम्हीही एक वही भरून टिपणे आणली आहेत. परंतु परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, ‘मास्तर, लंडनात थंडी फार होती का हो?’ आणि आम्हांस प्रत्येक वेळी तीच हकीकत सांगावी लागते. ती एकदा लिहून टाकलेली बरी.

आमचे बिऱ्हाड भातसानगरास. भातसा धरणाच्या कामासाठी जी वसाहत उभी राहिली, तिच्याच आसऱ्याने आमची शिक्षकीची छत्तीस वर्षे गेली. शहापूर तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जाणे ही काही वार्ता नव्हे. तेव्हा २०२२ च्या जूनअखेरीस चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयता लंडनास निघालो, ते लोकरी कपड्यांनी पेट्या भरूनच. घर धाकट्या बंधूंच्या स्वाधीन केले. पाऊस नुकताच धरू लागला होता, भाताची रोपे वर येत होती, आणि आपण मात्र थंड हवा खावयास चाललो याची थोडी लाजही वाटत होती.

पहिले पंधरा दिवस शिरस्त्याप्रमाणे गेले. ब्रिटिश म्युझियम पाहिले, सेंट पॉलचा घुमट पाहिला, वेस्टमिन्स्टरच्या पुलावर उभे राहून थेम्स पाहिली. (थेम्स आम्हांस वाटली होती त्याहून गढूळ व अरुंद निघाली. गोदावरी पाहिलेल्या डोळ्यांस आणखी काय वाटणार?) आषाढी एकादशीही तेथेच साजरी झाली. साबुदाणा मिळाला, वरीचे तांदूळ मिळाले. कशाची उणीव पडली नाही.

मग सरकारी हवामानखात्याने १८ व १९ जुलै या दोन दिवसांसाठी उष्णतेचा तांबडा इशारा दिला. उष्णतेचा असा इशारा त्या देशात पूर्वी कधीच दिला गेला नव्हता. शाळा लवकर सोडा, प्रवास टाळा, वृद्धांची विचारपूस करा, अशा सूचना घरोघर पोचल्या. आम्हांस प्रथम हसूच आले. परंतु तेथील घरे पाहिली म्हणजे हसू मावळते. भिंती, काचा, गालिचे, सारी योजना ऊब धरून ठेवण्यासाठी केलेली. छताला पंखा नाही, पडवी नाही, ओटा नाही. आदल्या दिवशी बेकर्लू नावाच्या भुयारी रेल्वेने आलो, तेव्हा डब्यात भट्टीजवळ बसल्यासारखे वाटले. त्या बोगद्यांभोवतालची चिकणमाती शंभराहून अधिक वर्षे गाड्यांची उष्णता शोषीत आली आहे, आणि आता तिच्यात आणखी शोषण्याची ताकद उरलेली नाही. शेजारीपाजारी वाऱ्याच्या आशेने भर दुपारी खिडक्या सताड उघड्या टाकीत. आम्ही सूनबाईंस खिडक्या सकाळीच मिटून पडदे ओढावयास सांगितले. सौभाग्यवतींनी जुनी सुती लुगडी ओली करून दारावर टाकली. एवढ्या विद्येवर त्या आळीत आमची थोडी प्रतिष्ठा वाढली.

सोमवारी, १८ तारखेस, आम्ही पहाटेच बाहेर पडलो. चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, आजचा दिवस राहू द्या ना.’ आम्ही म्हणालो, ‘अरे, शहापूरच्या माणसाला उन्हाची भीती कसली घालतोस?’ अखेर तेही रजा टाकून बरोबर आले. लोकमान्यांचे लंडनातील घर पाहावयाचे आमच्या मनात कित्येक वर्षे होते. चिरोलवरील खटल्यासाठी लोकमान्य १९१८ साली तेथे गेले, आणि खटला हरूनही पुढे काही महिने राहून स्वराज्याची बाजू मांडीत राहिले. हाऊली प्लेस नावाच्या शांत गल्लीत दहा क्रमांकाचे ते घर आहे. तेथे त्यांच्या नावाची पाटी आहे. पाटीसमोर उभे राहून आम्ही पागोटे नसलेल्या मस्तकानेच नमस्कार केला. एक दूधवाला थांबून पाहत होता.

तेथून कालव्याच्या काठाकाठाने रीजंट्स पार्क नामक विस्तीर्ण उद्यानात आलो. ज्या हिरवळीची वर्णने इंग्रजी क्रमिक पुस्तकांत वाचून आम्ही मुलांना शिकविली, ती सारी वाळून गवताच्या गंजीच्या रंगाची झाली होती. पायाखाली कुरकुरत होती. उद्यानाच्या रुंद रस्त्यावर संगमरवराचे व तांबड्या ग्रॅनाइटचे एक लहानसे देऊळ वाटावे असे बांधकाम दिसले. जवळ जाऊन वाचतो तो ती पाणपोई, आणि बांधणारा मुंबईकर! सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थांनी १८६९ साली ती लंडनकरांस अर्पण केली. आपल्या ज्ञातीला इंग्रजी अमलात संरक्षण मिळाले, त्याबद्दलची ती कृतज्ञता. मुंबई विद्यापीठाचे पदवीदान-सभागृह ज्यांच्या देणगीतून झाले, तेच हे कावसजी. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने जगातल्या सर्वांत श्रीमंत राजधानीला पाणी पाजावे, याचा आम्हांस मोठा चमत्कार वाटला.

परंतु त्या काळच्या लंडनास पाण्याची खरीच वाण होती, म्हणजे पिण्याजोग्या पाण्याची. १८५४ च्या पटकीत डॉक्टर जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवून रोगाचे मूळ पाण्यात आहे हे पटविण्याचा यत्न केला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या औषधी द्रावणात भिजवावे लागले. पुढल्याच वर्षी फुकट व स्वच्छ पाणी पुरविणारी मंडळी स्थापन झाली, आणि सेंट सेपल्करच्या देवळाच्या कुंपणात पहिली पाणपोई बसली. तिचे पेले साखळीने जखडलेले होते. आपल्या ‘पोई’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘प्रपा’ हे होय. चैत्र-वैशाखात उदकुंभदान करणाऱ्या आपल्या लोकांना जे धर्मकृत्य वाटते, ते तेथे एकोणिसाव्या शतकात वर्गणी काढून उभारावे लागले.

पाणपोईच्या पायरीवर बसून आम्ही घरून आणलेले ताक घेतले आणि प्रिमरोझ टेकडी ओलांडून किंग हेन्रीज रोडवर गेलो. या रस्त्यावरील दहा क्रमांकाच्या घरात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ साली विकत घेतले. आम्ही पोचलो तेव्हा दार उघडण्याची वेळ झाली नव्हती, बाहेरूनच पाहिले.

नऊ वाजले होते, पण ऊन माध्यान्हीचे वाटत होते. परतताना जवळच्या एका गल्लीत सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अहो, जरा थांबा,’ आणि भिंतीला टेकल्या. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला. ताक संपले होते. आमचे शहापूरचे शौर्य एका क्षणात उतरले. तेवढ्यात समोरचे दार उघडून सत्तरी उलटलेली एक गोरी बाई खुर्ची घेऊनच बाहेर आली. तिने खुर्ची सावलीत मांडली, आत जाऊन पाण्याचा जग व पेला आणला, ओला रुमाल सौ.च्या मानेवर ठेवला. आम्ही कोण, कोठले, एक अक्षर विचारले नाही. सौ. जन्मात परक्या घरच्या पेल्यास ओठ लावीत नाहीत, वरूनच पितात. त्या दिवशी त्या ओठ लावून तीन पेले प्याल्या. मग मराठीतच म्हणाल्या, ‘बाई, देव तुमचं कल्याण करो.’ बाईला ते समजले असावे, कारण तिने त्यांचा हात दाबला.

आमची आई फार दानशील. उन्हाळ्यात पाड्यावरची माणसे लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरत, ती आमच्या ओट्याखाली पाण्यासाठी थांबत. आईने कोणाला विन्मुख धाडलेले आम्हांस स्मरत नाही. ती ओट्यावर उभी राही आणि तांब्यातून धार त्यांच्या ओंजळीत सोडी. धार उंचावरून पडे, निम्मे पाणी कोपरांवरून वाहून जाई. आम्ही लहानपणी ते रोज पाहिले आणि त्यात आम्हांस कधी काही वावगे वाटले नाही. ज्या घराच्या बंद दारापासून आम्ही नुकतेच वळलो होतो, तेथे राहून शिकलेल्या पुरुषाला १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे आम्ही वर्गात अनेकदा शिकविले. पण ओटा आणि ती ओंजळ त्या गल्लीत उभे राहीपर्यंत आठवली नव्हती.

दुपारी पारा ३७ अंशांच्या आसपास गेला. दुसरे दिवशी, मंगळवारी, तो देशात प्रथमच ४० अंशांपलीकडे गेला. लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंश नोंदले गेले. लंडनच्या पूर्व कडेस वेनिंग्टन गावात आग लागून घरे जळाली. उत्तरेकडील मोठ्या रेल्वेमार्गावरच्या गाड्या बंद पडल्या. हॅमरस्मिथच्या जुन्या पुलाच्या साखळ्या तापून पसरू नयेत म्हणून त्यांवर चंदेरी पत्रा गुंडाळला होता. हे ऐकून हसावे तर त्याच उन्हाळ्यातल्या उष्म्याच्या लाटांत इंग्लंडात पासष्टी उलटलेली सुमारे २,८०० माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावली, असे पुढे सरकारी आकड्यांत वाचले. आमच्याच वयाची माणसे.

त्या दोन्ही रात्री झोप लागली नाही. चिरंजीवांच्या कपाटातील लंडनच्या इतिहासाचे एक पुस्तक उघडले. त्यात न्यू रिव्हरची हकीकत निघाली. नाव ‘नवी नदी’. वस्तुतः ती १६१३ सालची, आणि नदी नव्हे, कालवा. ह्यू मिडल्टन नामक सोनाराने हर्टफर्डशायरच्या झऱ्यांचे पाणी सुमारे ३८ मैल वळवून राजधानीस आणले. वाटेतल्या जमीनवाल्यांनी विरोध केला, तेव्हा खुद्द राजा जेम्स भागीदार झाला आणि काम पार पडले. ते पाणी आजही लंडन पिते.

हे वाचताना आमच्या मनात दुसरीच नदी वाहू लागली. मुंबईला जे पाणी लागते त्यातले जवळजवळ निम्मे भातसेचे. ते नदीच्या पात्रातून पिसे येथे उचलतात, पांजरापुरास शुद्ध करतात आणि नळांनी शहरात नेतात. त्याच तालुक्यात मार्च सरला की टँकरची वाट पाहावी लागते. आमच्या सातवीच्या वर्गात एका पाड्यावरची एक मुलगी होती. डोके चांगले, अक्षर मोत्यासारखे. पण एप्रिल उजाडला की रोज उशीर. वक्तशीरपणा हे आमचे दैवत. आम्ही तिला दाराबाहेर उभे करीत असू. एकदा पहाटे दुसऱ्या कामाने त्या बाजूस गेलो, तो विहिरीवर बायकामुलींची रांग, आणि रांगेत दोन हंडे घेऊन ती. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरावयाचे चालले होते. तेथून धरणाची भिंत स्वच्छ दिसत होती. त्या दिवसापासून आम्ही तिला बाहेर उभे केले नाही, एवढेच. झाल्या गोष्टीबद्दल काही बोललो नाही. मास्तराने विद्यार्थिनीला काय बोलावे, असे वाटले. आठवीला ती आली नाही.

बुधवारी हवा उतरली. बंधूंचा फोन आला, ‘दादा, इकडे धो-धो लागलाय. धरणाचं पाणी रोज चढतंय. तिकडे थंडी कशी काय?’ आम्ही म्हणालो, ‘बरी आहे.’

ऑगस्टअखेर परतलो तेव्हा थेम्सचा उगम काही मैलांपर्यंत कोरडा पडला होता आणि लंडनात बागेला नळीने पाणी घालण्यास बंदी झाली होती. पुढच्या चैत्रात आम्ही आमच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेस, दोन माठ मांडले. वर गवताचे छप्पर, खाली वाळू. बंधू म्हणाले, पेले कोणी नेतील, साखळीने बांधू या. सौभाग्यवतींनी साफ मोडता घातला. पहिल्या महिन्यात चार पेले गेले. त्यांनी आणखी सहा आणून ठेवले.