सोलापुरातील एका मोटारीचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार, वाड्याचा जीर्णोद्धार हे शब्दप्रयोग आपल्या कानांस परिचित आहेत. परंतु मोटारगाडीचाही जीर्णोद्धार होतो, आणि तो करू जाता कुटुंबात धर्मसंकटाइतके बिकट प्रश्न उभे राहतात, हे आम्हांस गेल्या माघ महिन्यात सोलापुरास कळून आले. हे शहर पाहण्यासाठी मुद्दाम असे कोणी जात नाही. पंढरपूर, तुळजापूर व अक्कलकोट ह्या क्षेत्रांच्या मधोमध ते पडत असल्यामुळे यात्रेकरू येथे गाडी बदलतो, एखादी चादर विकत घेतो व मार्गस्थ होतो. आम्हीही आजवर असेच पांथस्थ होतो. ह्या खेपेस मात्र आमच्या एका शाळूसोबत्याच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब चार दिवस तेथे राहिलो.

पुण्याहून संध्याकाळी निघणारी हुतात्मा एक्स्प्रेस आम्हांस सोयीची पडली. १९३० च्या सोलापूर सत्याग्रहानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. गाडीचे नाव त्यांच्या स्मरणार्थ आहे. सोलापुरास आगगाडी पोहोचली ती १८६० साली. पाठोपाठ कापसाचा व्यापार वाढला आणि १८७७ साली ‘जुनी मिल’ निघाली. ज्या भोंग्यांवर सारे गाव घड्याळ लावीत असे, ते आता बंद पडले आहेत. चादरीचे माग मात्र अद्याप चालू आहेत. सिद्धरामेश्वरांचे तळ्यातील मंदिर, काठावरचा भुईकोट किल्ला आणि बाजारात एका दमात मराठी, कानडी व तेलुगू बोलणारे लोक, एवढे पाहिले तरी सोलापूर हे नुसते गाडी बदलण्याचे ठिकाण नव्हे, अशी खात्री पटते.

आमच्या मित्राच्या दारात उभी असलेली गाडी म्हणजे १९६८ सालची फियाट अकराशे डिलाइट. ह्या गाडीचे सोलापूरशी असलेले नाते पुष्कळांस ठाऊक नसते. ती बांधणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापणारे शेठ वालचंद हिराचंद ह्यांचा जन्म सोलापुरातच, २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. आगबोटी, विमाने व मोटारी ह्या तिन्ही धंद्यांत परकीयांची मक्तेदारी असताना ह्या गृहस्थांनी तिन्हींस हात घातला. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. १९५४ पासून इटलीच्या फियाट कंपनीच्या अकराशे जातीच्या मोटारी तेथे होऊ लागल्या. त्यांतील आरंभीच्या, पुढची दारे उलट उघडणाऱ्या गोलमटोल गाडीस आपल्या लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे प्रेमाचे नाव दिले. १९६४ साली डिलाइट आली आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. इसवी सन २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्यापिवळ्या पद्मिनीने मुंबईचा निरोप घेतला.

मित्राचे वडील डॉक्टर होते. त्यांनी ही गाडी नवी घेतली व तीसेक वर्षे वापरली. ह्या अवधीत आणि नंतर धाकट्या बंधूंच्या हाती असताना तिच्यात इतके फेरफार झाले, की कारखान्यातून निघालेली गाडी जवळजवळ लोपून गेली. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेलचे इंजिन बसविले. सुकाणूच्या दांड्याशी असलेला गिअरचा दांडा काढून तो जमिनीवर आणला. मूळचा रंग जाऊन चकाकता तांबडा आला. रुंद चाके व जादा दिवे आले. मित्राने सेवानिवृत्त होताच हे सारे उतरवून गाडी मूळ रूपास न्यावयाचे ठरविले.

काम चालू होते ते अक्कलकोट रस्त्याच्या बाजूस एका लहानशा गॅरेजात. तेथील मिस्त्री तेलुगू भाषी. परंतु मराठी अशी ठसठशीत, की ऐकत राहावे. आम्ही शिक्षक आहोत हे कळताच त्यांनी आम्हांसच विद्यार्थी केले. खिशातून लोहचुंबक काढून ते गाडीच्या अंगावरून फिरवू लागले. “मास्तर, जिथं चिकटतंय तिथं पत्रा. जिथं घसरतंय तिथं नुसती लांबी भरलीया.” मूळ रंग कसा शोधला, हेही त्यांनी दाखविले. डिकीतील चटईखाली व दाराच्या रबरी पट्टीमागे, जेथे कोणी पुन्हा रंग लावण्याचे कष्ट घेत नाही, तेथे बारीक पॉलिश पेपर गोल गोल घासला. तांबड्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली हिरवट आणि सर्वांत खाली फिकट राखी, अशी वलये उमटली. मूळचे इंजिन डॉक्टरांनी विकले नव्हते. ते वखारीत गोणपाटाखाली पडून होते. त्याचे दट्टे गंजून अडकले होते. प्लगांच्या भोकांतून तेल ओतून आठ दिवस मुरू दिले, तेव्हा ते सुटले. त्यावरील क्रमांक नोंदणीपुस्तकातील पहिल्या नोंदीशी जुळला, त्या दिवशी मिस्त्रींनी पेढे वाटले म्हणे. गिअरचे दांडे, दिव्यांच्या काचा, नावाची अक्षरे ही मात्र मुंबईस भंगारात निघालेल्या टॅक्सींतून मिळवावी लागली. एका गाडीच्या मरणावर दुसरीचे आयुष्य वाढले.

हे सर्व पाहताना आम्हांस पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण झाली. महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर व त्यांच्या अनुयायांनी १२५९ हस्तलिखिते विचारात घेतली आणि १९६६ साली ते कार्य पूर्ण झाले. थरांखालचा पाठ शोधणे, प्रक्षिप्त भाग ओळखणे, एका पोथीत गळालेले दुसरीतून ताडून पाहणे, ही सारी रीत ह्या गॅरेजात आम्हांस दिसली. पण खरा पेच तेथे नव्हता. तो घरी होता.

डॉक्टरांनी स्वतः केलेला फेरफार एकच होता. पुढची सलग बैठक मधोमध कापून डाव्या भागाची पाठ त्यांनी बिजागरीवर बसविली होती. ती मागे पाडली, की पुढच्या फळीपासून मागच्या बैठकीपर्यंत आडवे होण्यापुरती जागा होई. खेड्यापाड्यांतील अडलेल्या बाळंतिणी व सर्पदंशाचे रोगी डॉक्टरांनी ह्याच बैठकीवरून शहरात आणले. मित्राला आता कारखान्याची सलग बैठक हवी होती. त्याच्या मातोश्री, ज्यांना आम्ही लहानपणापासून काकू म्हणतो, ह्या नव्वदीच्या घरात आहेत. भाकरी व शेंगांची चटणी आमच्या पानात वाढीत त्या शांतपणे म्हणाल्या, “अरे, कारखान्यानं केलं ते मूळ, आणि ह्यांनी केलं ते काय उष्टं?”

पंगत स्तब्ध झाली. मित्राने सरकारी नियमाचा आधार घेतला. १५ जुलै २०२१ च्या नियमान्वये ५० वर्षांहून जुन्या वाहनास, ते मूळ रूपात असल्यास, पुरातन वाहन म्हणून निराळी नोंदणी व ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षे. आम्ही तो नियम मागवून वाचला. त्यात निषेध आहे तो चासी, सांगाडा व इंजिन ह्यांतील फेरफारांचा. बैठकीचे नावही नाही. मात्र दुसरे एक कलम निघाले: अशी गाडी नित्याच्या वापरास काढता येत नाही, प्रदर्शन, पुरातन गाड्यांची रॅली, दुरुस्ती, इंधन अशा मोजक्या कारणांपुरतीच ती रस्त्यावर यावयाची. काकूंनी विचारले, “म्हणजे तुळजापूरला देवीच्या दर्शनाला न्यायची नाही?” ह्यावर कोणापाशीच उत्तर नव्हते.

आमचे मत विचारले गेले, तेव्हा आम्ही सुखटणकरांचाच दाखला दिला. त्यांनी प्रक्षिप्त श्लोक मूळ संहितेतून काढले. पण ते फेकून दिले नाहीत. तळटीपांत व परिशिष्टांत त्यांची जागा राखली, कारण शतकानुशतके लोकांनी ते श्रद्धेने म्हटले होते. शिवाय निखळ मूळ रूप हे व्यवहारात शक्यही नसते. मिस्त्रींनीच सांगितले होते, की इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलात जुन्या रबरी नळ्या टिकत नाहीत. त्या नव्या जातीच्याच घालाव्या लागतात. गाडी धावती ठेवावयाची, तर एवढी तडजोड करावीच लागते.

शेवटी निर्णय काकूंनी दिला, आणि तो सर्वांनी मानला. रंग, इंजिन, गिअर, चाके ही मूळची व्हावीत. सलग बैठकही नवी करावी. परंतु डॉक्टरांची बैठक भंगारात न देता ओसरीवर ठेवावी, आणि तिच्या बोल्टांची भोके बुजवू नयेत, म्हणजे उद्या कोणास वाटल्यास ती पुन्हा बसविता येईल. काय काढले, कोठून काढले व का बसविले होते, ह्याची एक वही मित्राने लिहावी. निराळी पाटी मात्र तूर्त घेऊ नये. साध्या नोंदणीवरच गाडी चालवावी. इंजिन पालटल्याची नोंद परिवहन कार्यालयात रीतसर करून घेण्याचे मित्राने कबूल केले. मूळ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम खपवून घेत नाही, हे अशा खटाटोपात पडणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

आपल्या घराघरांतून अशा वस्तू असतात. आजोबांनी पाय बदललेला पाट, आजीने कान जोडून घेतलेले पातेले, वडिलांनी कडी हलविलेला पाळणा. त्यांस मूळ रूप द्यावे, असे पुढच्या पिढीस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हत्यार हाती घेण्यापूर्वी तो बदल कोणी केला व कोणत्या अडचणीत केला, एवढे घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. डॉक्टरांच्या बैठकीची हकीकत आज सांगू शकणारे त्या घरात एकच माणूस आहे. म्हणून वहीचे पहिले पान आम्ही तेथे असतानाच लिहिले गेले: काकू सांगत होत्या, नात लिहीत होती, आणि गावांची नावे चुकली की मिस्त्री ती दुरुस्त करीत होते.