निकाहनाम्यातला ठिपका

दादीच्या निकाहनाम्याची शाई इतकी फिकी झाली आहे की मेहरची रक्कम धड वाचता येत नाही. घरात दोन मतं: 50 की 500? उर्दू आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणजे वाद एका ठिपक्याचा.

स्कॅन मी इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडला. आठ बिटच्या करड्या चित्रात 0 ते 255 छटा असतात. आमचा कागद 180 च्या आसपास, शाई 140. किमान 130 आणि कमाल 190 ठेवलं की लुकअप टेबल, म्हणजे कोणती छटा पडद्यावर कशी दाखवायची याचा तक्ता, 140 ला साधारण 43 करतो आणि 180 ला 213. चाळीसचा फरक एकशेसत्तरचा! काझीसाहेबांची सही लख्ख दिसली. ‘अप्लाय’ दाबेपर्यंत मूळ आकडे बदलत नाहीत, म्हणून ते बटण मी दाबतच नाही.

पण तक्त्याला फक्त छटा कळते. 150 ची शाई असो की 150 चा डाग, दोन्हींचे तो 85 च करणार. दुसरा ठिपका ठळक झाला, तसे कागदावरचे सगळे डागही झाले. चाचा म्हणतात, बघ, पाचशे. फूफी म्हणते, चहाचा शिंतोडा आहे तो. दादीने हा विषय कधी काढलाच नव्हता. मी दोघांनाही मूळ स्कॅन पाठवला आहे.