अब्बांचा चष्मा

अर्जुनी मोरगावात धान निघालं की राईस मिलचा कोंडा घरोघरी उडतो. अब्बा मिलमध्ये दिवाणजी होते. कोंडा आधी त्यांच्या चष्म्यावर बसायचा. वुजूला बसताना ते दोन्ही हातांनी चष्मा काढत, काचा वर करून कट्ट्यावर ठेवत. आधी त्यावर ओंजळभर पाणी सोडत, मग सुती रुमालाने टिपत. लुंगीच्या टोकाने कधीच नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचे चोचले!

पहिल्या पगारात मी त्यांना फायबरचा चष्मा करून दिला. हलका, पडला तरी सहसा न फुटणारा. पण फायबरवर काचेपेक्षा लवकर ओरखडे पडतात, हे कुठे ठाऊक होतं? अब्बा आजारी पडले तेव्हा खिदमत म्हणून मी तो रोज सदऱ्याने कोरडाच पुसायचो. भाताच्या तुसात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. मी रोज वाळूने घासत होतो.

त्या रमजानात अब्बा कुरआन वाचताना मान तिरपी करायचे. मला वाटलं, मानेचं दुखणं. काचेतली स्वच्छ जागा शोधत होते ते, हे नंतर कळलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढचा रमजान त्यांनी पाहिला नाही.

फारसीत ‘चश्म’ म्हणजे डोळा.

परवा अम्मीने तांदूळ निवडायला तोच चष्मा मागितला. नंबर जुळत नाही, तरी तिला तोच लागतो. देण्याआधी मी तो नळाखाली धरला.