नदीपलीकडची रात्रपाळी

थंडी पडली, हायवेवर उंबाडियूची मडकी दिसायला लागली (आपल्या पोपटीचीच गुजराती बहीण!), की एक हिवाळा हमखास आठवतो. आज लिहूनच टाकते.

आम्ही मूळचे महाडचे. १९९६ साली लग्न होऊन मी सिल्वासाला आले. करसवलतींमुळे दादरा-नगर हवेलीत तेव्हा कारखाने भराभर उभे राहत होते, आणि आपल्याकडची कितीतरी मुलं इथे नोकरीला आली होती. आमचे हे धाग्याच्या कारखान्यात, नरोलीच्या बाजूला, म्हणजे दमणगंगेच्या पलीकडे. पुढे कर्ज काढून नदीकाठी तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. नाशिककडच्या सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी मधुबन धरणातून खाली आमच्याकडे येते आणि पुढे दमणला समुद्राला मिळते. पावसाळ्यात तिच्याकडे बघवत नाही. हिवाळ्यात मात्र इतकी संथ, की पाहुणे विचारायचे, "हे तळं कोणतं हो?"

स्वयंपाकघराची खिडकी माझी. पोळ्या लाटता लाटता मी पक्षी ओळखायला शिकले, तेही लेकीच्या शाळेतल्या पुस्तकावरून. दिवाळीच्या आगेमागे धोबी यायचा, शेपटी वरखाली हलवत काठावर तुरुतुरु पळायचा. मग वारकरी. काळा पक्षी, कपाळावर पांढराशुभ्र टिळा, आणि नेहमी घोळक्यात. नाव ठेवणाऱ्याला दंडवतच! पाणकावळे खडकावर पंख वाळत घालून बसायचे, अगदी धोतर वाळत घातल्यासारखे. संध्याकाळी भोरड्यांचे थवे आभाळात वळणं घ्यायचे.

यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बहुतेक रात्रपाळीच. सकाळी आले की पडदे ओढून झोपायचे. बावीस वर्षांत यांनी नदी उजेडात किती वेळा पाहिली असेल, ते बोटांवर मोजावं.

२०१८च्या दिवाळीनंतर यांचा विभाग बंद झाला. वय त्रेपन्न. लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते बाकी. पहिले पंधरा दिवस फोनाफोनी झाली. मग फोनही थांबले. हे रात्रभर जागे असायचे, सवयच ती. पहाटे खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. मी चहा ठेवायचे, तो तसाच गार व्हायचा. बोलणं म्हणजे "हं" आणि "नको". मला खरंच भीती वाटायची. दुपारी बाजारात गेले तरी जीव घरात असायचा.

एका सकाळी विचारलं, "ते काळे कोण? कपाळावर पांढरं?"

म्हटलं, "वारकरी."

"अस्सं." थोड्या वेळाने म्हणाले, "बत्तीस आहेत."

दुसऱ्या दिवशी यांनी लेकीची जुनी वही काढली. कारखान्यातल्या पाळीच्या रजिस्टरसारख्या रेघा मारल्या: वेळ, नग, शेरा. "६.४०. वारकरी ३२. धोबी २. शेरा: धुकं." नगच लिहायचे हो! मी हसले. खूप दिवसांनी हेही हसले.

डिसेंबरात चक्रवाकांची जोडी आली. नारिंगी-तपकिरी अंग, फिकट डोकं. लडाख-तिबेटकडे यांचं माहेर, थंडीपुरते आपल्याकडे. मी यांना जुनी कथा सांगितली. शापामुळे ही जोडी दिवसा एकत्र असते, पण रात्री एक या काठाला, एक त्या काठाला, आणि रात्रभर एकमेकांना हाका मारतात.

हे बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपणच की. बावीस वर्षं." मी उठून कुकर बघायला गेले. शिट्टी झाली नव्हती.

जानेवारीत घर विकून महाडला जायचं ठरत आलं होतं. एक गिऱ्हाईक बघायलाही आलं. खिडकीशी उभं राहून म्हणालं, "व्ह्यू तो सरस छे!" भावही बरा देत होते. यांनी पाणी कधी येतं, लिफ्ट किती वेळा बंद पडते, सगळं खरं सांगितलं. ते गेल्यावर वही उघडून म्हणाले, "मार्चपर्यंत थांबू. हे पक्षी मार्चपर्यंत आहेत ना? ते गेले की बघू."

मी भांडले नाही. खरं तर भांडायला हवं होतं, हप्ता थकला होता. माझ्या पाटल्या त्याच आठवड्यात गेल्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वहीत नोंद आहे: "चक्रवाक ०." त्याच महिन्यात यांना एका लहान कारखान्यात स्टोअरचं काम मिळालं. पगार निम्म्याहून थोडा जास्त, पण दिवसपाळी. घर राहिलं. पाटल्या परत झाल्या नाहीत, त्याचं दुःख होतं, अजूनही कधीतरी होतं.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ला डॉ. सालिम अलींचा. आमच्या घरी त्या आठवड्यात नवी वही उघडते. यंदाची सातवी-आठवी असेल. चक्रवाक दरवर्षी येतातच असं नाही. पण तो रकाना हे रिकामा ठेवतात. मला विचाराल, तर रात्री जाग आली की मी अजूनही आधी शेजारी हात लावून बघते. असतात.

तुमच्या खिडकीतून काय दिसतं, तेही लिहा हं.