घाटावरचा आवाज

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बैल येतो, गाडा येतो, उधळलेला भंडारा येतो. पण शर्यत ऐकायचीही असते, हे आपल्या लक्षात येत नाही. अकरा-बारा सेकंदांत जे घडून जाते ते हजारो माणसांपैकी किती जणांना नीट दिसते? पुढच्या रांगेतल्यांना दिसते, बाकीच्यांना धूळ दिसते. मागच्या माणसाच्या पदरात ती शर्यत घालणारा एकच असतो. हातात माईक घेऊन मचाणावर उभा राहिलेला निवेदक. त्याचे काम पाहावे म्हणून यंदा चैत्रात उमेळ्याहून आंबेगावच्या बाजूला जाऊन आलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

उमेळे हे पालघर जिल्ह्यातल्या वसई तालुक्यातले गाव. पश्चिम रेल्वेच्या नायगाव आणि वसई रोड या स्टेशनांच्या पश्चिमेला ते वसले आहे. दक्षिणेला वसईची खाडी, आसपास मिठागरे, आणि थोडे पुढे गेले की १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला वसईचा किल्ला. हा सारा मुलूख भाताचा, भाजीचा, फुलांचा, राजेळी केळीचा आणि पानवेलीचा. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि इमारतींनी शेताच्या बांधापर्यंत मजल मारली. चिखलणीला आता पॉवर टिलर फिरतो. गोठ्यात बैल दिसला तर लहान मुले कौतुकाने बघत उभी राहतात. अशा गावातून बैलांच्या शर्यतीला निघालो म्हटल्यावर शेजारच्या आजी म्हणाल्या, "बैल बघायला आता तिकीट काढून जायचे दिवस आले बाबा!"

वसई रोडहून दिव्याची गाडी पकडली. जूचंद्र, कामण, खारबाव अशी नावे घेत ती भिवंडीवरून जाते. दिव्याहून कल्याण आणि तिथून एस.टी. मुरबाड मागे पडले, टोकावडे आले आणि माळशेजचा घाट सुरू झाला. पावसाळ्यात या घाटात ढग गाडीच्या खिडकीतून आत येतात. चैत्रात मात्र उघडे काळे कडे आणि पिवळे गवत. घाट चढून वर आलो की पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी दिसते आणि कोकण संपून देश सुरू झाल्याचे हवेतूनच कळते. ओतूरला कांद्याच्या वखारी, आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता, नारायणगावला टोमॅटोचे क्रेट, मग कळंब आणि मंचर. एका दिवसात मिठापासून कांद्यापर्यंतचा हा प्रवास होतो.

खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळ हा बैलगाड्याचा खास पट्टा. इथे शर्यतीच्या धावपट्टीलाच 'घाट' म्हणतात. खालून वर चढत जाणारी सरळ वाट, दोन्ही बाजूंना माणसांनी भरलेले उंचवटे, खाली गाडा जुंपायची जागा आणि वर निशाण. हलक्या दोनचाकी गाड्याला चार बैल आणि त्यांच्यापुढे घोडी. घोडीवर स्वार असतो, पण गाड्यात हाकणारा कोणी नसतो. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक 'बारी'. नागापूरच्या थापलिंग खंडोबाला पौष पौर्णिमेच्या यात्रेत नवसाचे गाडे पळवायची जुनी रीत आहे. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा भरतात आणि जवळजवळ प्रत्येक यात्रेच्या पत्रिकेवर गाड्यांचा दिवस छापलेला असतो. त्याच पत्रिकेवर खाली घड्याळ कोण लावणार, झेंडा कोण टाकणार, निशाण कोण बघणार आणि निवेदन कोण करणार, यांची नावे असतात. वरातीत वाजंत्री कोणाची हे जसे आधी विचारतात, तसे इथे विचारतात, "माईकवर कोण हाय?"

सांगली, सातारा, कोल्हापूरकडची तऱ्हा वेगळी. तिथे छकड्याला दोनच बैल, वर हाकणारा, आणि एका वेळी अनेक छकडे आपापल्या चाकोरीतून सुटतात. गट, सेमी फायनल, फायनल अशी चढण असते. विदर्भात याला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. अलिबागच्या बाजूला समुद्राच्या ओल्या वाळूवर गाड्या धावतात. तऱ्हा निरनिराळ्या, पण माईकवाल्यावाचून कोणाचेच चालत नाही.

मी गेलो त्या गावचा घाट सकाळी आठलाच भरला होता. निवेदक पन्नाशीचे, डोक्याला पांढरा फेटा, खिशात ज्येष्ठमधाच्या कांड्या आणि हातात दोऱ्याने बांधलेली जाडजूड वही. मी ओळख सांगितली तेव्हा म्हणाले, "वसईहून आलाय व्हय पाव्हणं? बसा हितं सतरंजीवर. पण मधी बोलू नका, बारी सुटली की माझं कान दोन्हीकडं पायजेत."

दोन्हीकडे म्हणजे काय, ते तासाभरात कळले. खाली गाडा जुंपला जात असताना ते मालकांची नावे सांगत होते. एका गाड्याचे चार बैल बरेचदा चार घरचे असतात. कोणाचा बैल जुकाटाला, कोणाचा धुरेला, घोडी कोणाची, हे सारे त्या वहीत. एक नाव राहिले तर त्या घरच्या माणसाचा वर्षाचा हिरमोड. झेंडा पडला की आवाज एकदम चढतो, "झाली... झाली... भिर्रर्र!" आणि गाडा निशाणाच्या पार होताच तोच आवाज खाली येतो. आता घड्याळवाल्याकडे कान. तो सांगेल तेवढेच आणि तसेच माईकवर. सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही. कारण किती सेकंदांत कोणता नंबर, हे कमिटीने आधी ठरवलेले असते, त्या नंबरात आलेल्या गाड्यांत बक्षीस वाटले जाते, आणि सर्वांत कमी वेळ घेणारा 'घाटाचा राजा' ठरतो. लोक घड्याळ पाहत नाहीत, आवाजावर विश्वास ठेवतात. मापात पाप केले तर वाणी एका गिऱ्हाइकाला फसवतो. इथे सारी यात्रा फसेल.

दुपारच्या सुमारास एक प्रसंग घडला. गाडा जुंपून तयार, बैल थयथयत होते, पाच-सहा गडी त्यांना धरून उभे. तेवढ्यात वाऱ्याने उडालेली टोपी उचलायला एक दहा-बारा वर्षांचा पोरगा घाटात उतरला. झेंडा वर गेला होता. निवेदकांचा आवाज चढला नाही, उलट संथ झाला. "झेंडेवाले, हात वरच ठिवा. गडी हो, बैलं सोडू नका. बाळ, टोपी राहू दे, डाव्या अंगाला ये. मंडळी, हात द्या त्याला." चार हातांनी पोरगा वर ओढला गेला. मग पुढचे वाक्य, "आता बारी हाय." साऱ्या घाटाने श्वास सोडला. पोराच्या आईने मचाणाकडे पाहून नुसते हात जोडले. ओरडून घाबरवले असते तर तो पोरगा तिथेच खिळला असता. गाड्यात हाकणारा नसतो, तेव्हा सुटलेला गाडा थांबवायला कोणीच नसते. आवाज हाच तिथला लगाम.

जेवणाच्या वेळी पिठल-भाकरी खाताना ते मोकळे झाले. २०११ साली केंद्र सरकारच्या अधिसूचनेने खेळासाठी शिकवायला व दाखवायला मनाई असलेल्या प्राण्यांत बैल आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यतींवर बंदीचा निकाल दिला. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण तीही कोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. "मधल्या सालांत काय केलं?" मी विचारले. "लग्नं केली!" ते हसले. "म्हंजी लोकांच्या लग्नात माईक धरला. सप्त्यात आभार मानलं, कुस्त्यांच्या फडात बोललो. पर वही टाकली न्हाई. बैलं इकली गेली, काही मेली, त्यांची नावं ह्या वहीत हायेत."

बंदी आली ती उगाच नव्हे, हेही त्यांनी लपवले नाही. चाबूक, टोचणी, विजेचा झटका असले प्रकार होत होते. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाने बैल तपासावा लागतो, आणि बैलाला इजा केली तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा कागदावर असतो, पोलीस चार-दोन असतात. घाटाच्या एका टोकाला कोणी काठी उगारली तर ती आधी मचाणावरून दिसते. "मग मी माईकवरनं त्या गाड्याच्या गावाचं नाव घेतो. गावाचं नाव निघालं की काठी आपसूक खाली जाती."

अमेरिकेत मोटारींची अशीच सरळ रेषेतली शर्यत असते. तिला ड्रॅग रेस म्हणतात. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सुसाट सुटतात. सर्वांत दांडग्या गाड्या २००८ सालापासून हजार फूटच पळवतात, आणि ते अंतर त्या चार सेकंदांच्याही आत कापतात. तिथली मोठी संघटना १९५१ साली निघाली. पूर्वी तिथेही माणूस झेंडा दाखवी, १९६३ पासून रंगीत दिव्यांचा खांब आला. झेंड्याच्या जागी दिवे आले, घड्याळ विजेचे झाले, पण निवेदकाची जागा कोणत्याही यंत्राने घेतली नाही. डेव्ह मॅक्लेलँड हे तिथले गाजलेले निवेदक. धावपट्टीवर तेल सांडले की ते पुसेपर्यंत लोकांना धरून ठेवायचे, कोण चालक, गाडीत काय बिघडले होते, रात्रभर कोणी दुरुस्ती केली, हे सांगायचे, हे सारे तिथल्या निवेदकाचे काम. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा मोटारींच्या शर्यती झाल्या आहेत. मोटार असो की बैल, धाव चार-बारा सेकंदांची आणि मधला वेळ तासांचा. तो मधला वेळ निवेदक भरतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने खेड्यातल्या माणसाला क्रिकेटचे मैदान दिसू लागले, तसेच हे.

मात्र या आवाजाची एक दुसरी बाजू आहे आणि ती शेतकरी घरांनी नीट ऐकली पाहिजे. माईकवरून "अमक्याचा लाखाचा बैल" असा गजर होतो, टाळ्या पडतात, आणि मांडवात बसलेल्या तरुण पोराच्या मनात खोंड घ्यायचे येते. खिलार खोंड, त्याचा खुराक, त्याला सांभाळणारा गडी, टेम्पोचे भाडे. बक्षिसातून हे निघत नाही. मी हे बोललो तेव्हा निवेदक क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "किंमत सांगायची मी सोडली. वळू कुठला, कुणी वाढवला, ती माऊली कोण जी रोज त्याला भाकरी चारती, ते सांगतो. किमतीनं पोरगं कर्जात जातं, ह्यानं गोठ्यात जातं."

दुपारनंतर त्यांनी खरोखर तसेच केले. एका बैलाचे नाव घेताना त्याला लहानाचा मोठा करणाऱ्या म्हातारीला त्यांनी उभे राहायला सांगितले. ती डोक्यावरचा पदर सावरत उठली. तिचा गाडा कोणत्याच नंबरात आला नव्हता. तरी साऱ्या घाटाने तिला टाळ्या दिल्या.

आपल्या गावच्या यात्रेत गाडे पळत असतील, तर कमिटीवाल्यांनी निवेदक निवडताना नुसता आवाज पाहू नये. घाटात माणूस उतरला तर तो बारी थांबवतो का, घड्याळाचा आकडा जसाच्या तसा सांगतो का, बैलावर हात उगारणाऱ्याला भर माईकवर टोकतो का, हे पाहावे. दोन पैसे जास्त गेले तरी असा माणूस आणावा. आणि आपण बघ्यांनीही तो "मागं सरा" म्हणाला की खरेच मागे सरावे. त्याला वरून जे दिसते ते आपल्याला खालून दिसत नाही.