हार्ड डिस्क नसलेले बारा संगणक

आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेला कुणीतरी बारा जुने संगणक दिले. खोकी उघडली तर एकातही हार्ड डिस्क नव्हती. आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून देणाऱ्यांनी त्या काढून घेतल्या होत्या. नव्या बारा डिस्क घ्यायला शाळेकडे पैसे नव्हते. मी रविवारी तिथे मुलींना संगणक शिकवायला जायचो. मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, "सर, हे भंगारातच द्यायचे का?"

मी म्हणालो, थोडं थांबा.

संगणक स्वतःच्या डिस्कशिवायही सुरू होतो. त्यासाठी पीएक्सई नावाची सोय असते. इंटेलने तिची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये जाहीर केली. बटण दाबलं की नेटवर्क कार्ड सगळ्यांना हाक मारतं : माझा पत्ता काय, आणि सुरू व्हायची फाइल कुणाकडे आहे? डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो, फाइलचं नाव सांगतो. मग टीएफटीपीने ती फाइल तुकड्यातुकड्याने येते. मूळ नियमात एक तुकडा ५१२ बाइटचा. तो पोचल्याची पावती आल्याशिवाय पुढचा निघत नाही. पुढे लिनक्स मेमरीत चढतं आणि बाकी सगळं सर्व्हरवरून मिळतं.

घरचा एक बरा संगणक मी सर्व्हर म्हणून नेला, त्यावर एलटीएसपी टाकलं, स्विच जोडला. काही संगणक सुरू झाले. बाकीच्यांवर एकच ओळ येई : पीएक्सई-ई५३. म्हणजे पत्ता मिळाला, पण फाइलचं नाव मिळालं नाही. दोन रविवार मी सर्व्हर पुन्हा पुन्हा मांडत बसलो. मुलींना सांगितलं होतं, तुम्ही बाहेर बसा, हे तुमचं काम नाही.

तिसऱ्या रविवारी नववीतली एक मुलगी दारातच उभी राहिली. "सर, त्या ओळीचा अर्थ काय?" मी वैतागूनच सांगितला. ती जरा थांबून म्हणाली, "मग पत्ता दुसऱ्याच कुणी दिला असेल तर?"

मी ऑफिसच्या कोपऱ्याकडे पाहिलं. इंटरनेटसाठी मीच जोडलेला राउटर तिथे होता. तोही मागेल त्याला पत्ते वाटत होता, पण त्याला फाइलची काहीच माहिती नव्हती. ज्या संगणकांनी त्याचं उत्तर धरलं, ते अडकले. राउटरचं डीएचसीपी बंद केलं आणि बाराही पडदे उजळले.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र शरम वाटत होती. रिकामे संगणक भंगार नाहीत हे मी मॅडमना ठासून सांगितलं होतं आणि मुलींना दाराबाहेर बसवलं होतं. वर्षभर मी त्यांना टायपिंग आणि चित्रं काढणंच शिकवत आलो होतो. त्याहून जास्त त्यांना झेपणार नाही, हे मीच ठरवून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी टायपिंग नव्हतं. सर्व्हरचं झाकण उघडून आम्ही सगळे भोवती बसलो. पहिला प्रश्न त्याच मुलीचा होता : "सर, हा एकटाच बंद पडला तर बाराही बंद पडतील ना?"

पडतील. म्हणून आता दुसरा सर्व्हर तयार करतोय. तो मुलीच मांडताहेत. मी दाराजवळ बसतो.