एका वेळी एकच प्लेट

मलेशियातल्या पिनांग बेटावर गेलात, तर एक संध्याकाळ जॉर्ज टाउनच्या चुलिया स्ट्रीटसाठी राखून ठेवा. आणि दुपारचं जेवण जरा हात राखूनच करा. दिवेलागणीला रस्त्याच्या कडेला खाण्याच्या गाड्या लागतात. तुम्हाला हवी असलेली गाडी दिसण्याआधी ऐकू येते, कारण तिथे लोखंडी कढईत उलथन्याचा खणखणाट चाललेला असतो.

इथे मागायचं ते 'चार क्वे त्याव'. यातला 'चार' म्हणजे आपला आकडा नव्हे. तिथल्या चिनी बोलीत चार म्हणजे परतणं आणि क्वे त्याव म्हणजे तांदळाच्या चपट्या, मऊ नूडल्स. आम्ही तीन प्लेट सांगितल्या आणि आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीसारखा एकच मोठा घाणा निघेल असं धरून बसलो. पहिली प्लेट आली. दुसरीचा पत्ता नाही! मी वैतागून गाडीपाशी गेलो आणि तिथेच उभा राहिलो.

तुम्हीही उभे राहा. कढई धुरावते, मग तेल-लसूण, मग नूडल्स, सोया सॉस आणि मिरचीचं वाटण. नूडल्स बाजूला सारून मधल्या जागेत अंडं फोडतात. कोळंबी, मुगाचे लांब मोड, लसणीच्या पातीसारखी एक चिनी पात आणि अगदी शेवटी शिंपल्यांचं मांस. सगळा खेळ दोन-चार मिनिटांचा. कढई भरली की तिची धग उतरते, नूडल्सना पाणी सुटतं आणि त्यांचा लगदा होतो. म्हणून एका वेळी एकच प्लेट. त्या धगीतून येणाऱ्या किंचित धुरकट चवीला चिनी लोक 'वोक हेई' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. तो फार वेळ टिकत नाही, तेव्हा प्लेट आली की फोटो एकच काढा. सगळ्यांच्या प्लेट येईपर्यंत थांबण्याचा आपला शिष्टाचारही इथे सोडा.

आता महत्त्वाचं. चिनी गाड्यांवर हे बरेचदा डुकराच्या चरबीत परततात. चालत नसेल तर आधीच विचारा, किंवा हलाल पाटी असलेली गाडी शोधा. तमिळ मुस्लिमांच्या गाडीवरचं 'मी गोरेंग' म्हणजे पिवळ्या नूडल्स, बटाटा, टोफू आणि आंबट-तिखट रस्सा. आपल्या जिभेला ते लगेच ओळखीचं वाटतं.

पण शाकाहारी माणसाने काय करायचं? माझी आई माळकरी. त्या संध्याकाळी आम्ही तिघे खात होतो आणि ती उसाचा रस पीत समोर बसली होती. "तुम्ही खा रे, मला भूक नाही," हे वाक्य तुमच्याही घरात ऐकलेलं असेल. तो घास काही नीट गेला नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं की तिथल्या बौद्ध शाकाहारी खानावळींत मांस-मासे तर नाहीतच, पण कांदा-लसूणही नसतो. थेट आपला चातुर्मास! अनेक चिनी लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. नवव्या महिन्यात तर नऊ सम्राट देवांचा नऊ दिवसांचा उत्सव असतो. तो बहुतेकदा आपल्या नवरात्राच्या आसपास येतो, अधिक महिन्यामुळे कधी पुढेमागे होतो. तेव्हा पिवळी निशाणं लावलेल्या गाड्यांवर सगळं शाकाहारी मिळतं. घरी उपासतापासवालं कुणी असेल, तर सहल त्या दिवसांतच आखा.

अशाच एका खानावळीत आईसमोर वाफाळती प्लेट आली. टोफू, मोड, अळंबी, सोया सॉस. चॉपस्टिक्स बाजूला ठेवून तिने चमचा उचलला. अर्धी प्लेट संपल्यावर हळूच म्हणाली, "वरून थोडं ओलं खोबरं असतं ना, तर..."

आणि मग उरलेली अर्धीही संपवली.